लिनक्सवर सीडी-डीव्हीडी राइट होत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीडी-डीव्हीडीचा जमाना गेला म्हणतात, पण प्रश्न यायचे काही थांबलेले नाहीत. कुणाला एमआरआयच्या सीडीची कॉपी दुसऱ्या डॉक्टरांना द्यायची असते, कुणाच्या वकिलांना रेकॉर्डिंग डिस्कवरच हवं असतं, कुणाच्या आजोबांच्या प्लेअरला पेनड्राइव्ह लावायची सोयच नसते. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत, सोप्यापासून किचकटाकडे. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

१. लिनक्सवर राइट करायला नेमकं कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

डेटा आणि आयएसओसाठी (आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीत ठेवलेली प्रत) एक्सफबर्न, ऑडिओ सीडी आणि व्हिडिओ डीव्हीडीसाठी के-थ्री-बी. ब्राझेरोही चालतं, पण अडलं की नेमकं कुठे अडलं ते त्यातून फारसं कळत नाही.

ही सगळी नुसती खिडकी आहे. खरं काम मागची कमांड-लाइन साधनं करतात, आणि निम्मा घोळ तिथेच असतो. मूळ सीडीरेकॉर्ड योर्ग शिलिंग यांचं. त्याच्या परवान्यावरून वाद झाला आणि २००६ मध्ये डेबियनच्या मंडळींनी त्यातून वेगळी चूल मांडली. तिथून वोडिम आणि जेनआयसोइमेज आले. वोडिमची २०१० नंतर नवी आवृत्ती नाही. सीडीपुरता तो ठीक आहे, डीव्हीडीला भरवशाचा नाही आणि ब्लू-रे त्याला कळतच नाही. थॉमस श्मिट यांच्या लिबबर्न घराण्यातली झोरिसो आणि सीडीस्किन ही साधनं मात्र तिन्ही प्रकार नीट हाताळतात. एक्सफबर्न लिबबर्नवरच चालतं, म्हणून माझी पहिली शिफारस त्याची. डीव्हीडीसाठी ग्रोआयसोएफएस हे जुनं साधनही चांगलं आहे. के-थ्री-बी डीव्हीडीला तेच वापरतं.

२. ड्राइव्ह लावलाय, पण लिनक्सला दिसतच नाही. काय करू?

टर्मिनलवर एलएसबीएलके द्या. यादीत एसआर-झिरो दिसलं तर ड्राइव्ह पोचला आहे. नसेल तर आधी बायोसमध्ये दिसतो का ते पाहा. तिथेही नसेल तर केबल सैल किंवा खराब आहे, लिनक्सला दोष देऊ नका. यूएसबीवाला असेल तर प्रश्न ८ पाहा.

दिसतो पण राइटचा पर्याय येत नाही, असं असेल तर ड्राइव्ह मुळात रायटर आहे का हे तपासा. प्रॉक, सिस, डेव्ह, सीडीरॉम या वाटेने गेल्यावर इन्फो नावाची फाइल आहे, ती कॅट करा. 'कॅन राइट सीडी-आर' आणि 'कॅन राइट डीव्हीडी-आर' अशा ओळी दिसतील, पुढे १ किंवा ०. जुन्या लॅपटॉपमधल्या 'कॉम्बो' ड्राइव्हमध्ये पहिल्या ओळीपुढे १ आणि दुसरीपुढे ० असतो: तो डीव्हीडी वाचतो, पण राइट फक्त सीडी करतो. ट्रेवर डीव्हीडीचं चिन्ह पाहून फसलेले बरेच आहेत.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स चालवत असाल तर ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये पासथ्रू चालू करावं लागतं, नाहीतर फक्त वाचता येतं.

३. 'परमिशन डिनाइड' येतं. सुडो लावून राइट करू का?

नको. सुडो म्हणजे रूटच्या, अर्थात सिस्टमच्या सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने कमांड चालवणं. एखाद्या वेळी चालून जाईल, पण के-थ्री-बीसारखं ग्राफिकल सॉफ्टवेअर रूट म्हणून उघडलं की त्याच्या सेटिंगच्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी ते तुमच्या नावाने धड उघडतही नाही.

योग्य उपाय म्हणजे तुमचं खातं ड्राइव्हच्या ग्रुपमध्ये घालणं. डेबियन, उबुंटू, मिंटमध्ये हा ग्रुप सीडीरॉम, आर्चमध्ये ऑप्टिकल. डेबियन घराण्यात 'सुडो अ‍ॅडयूजर', मग तुमचं युजरनेम, मग सीडीरॉम. त्यानंतर लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करायलाच हवं. नुसती खिडकी बंद-चालू करून भागत नाही. यूजरमॉडने करत असाल तर कॅपिटल जी-च्या आधी लहान ए विसरू नका. तो राहिला तर बाकीच्या सगळ्या ग्रुपांतून, सुडोमधूनही, तुम्ही बाहेर पडता.

मशीनसमोर बसून राइट होतं पण एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून लॉग इन करून) होत नाही, हाही नेहमीचा प्रश्न. समोर बसलेल्या माणसाला सिस्टम-डी आपोआप ड्राइव्हचा हक्क देतं, दुरून आलेल्याला देत नाही. त्यालाही ग्रुपचाच उपाय.

ही कडक तपासणी आली २००४ मध्ये, कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.८ सोबत. त्याआधी ड्राइव्ह उघडता येणारा कोणीही त्याला हवी ती आज्ञा देऊ शकत होता, अगदी फर्मवेअर पुसण्याचीसुद्धा. इंटरनेटवरचे 'सुडो लावा' सांगणारे बरेचसे जुने सल्ले त्या काळातले आहेत.

४. 'डिव्हाइस बिझी' म्हणतं. डिस्क तर मी उघडलीसुद्धा नाही!

तुम्ही नाही, डेस्कटॉपने उघडली. आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) किंवा आधी काही भरलेली डिस्क आत गेली की ती आपोआप माउंट होते, म्हणजे वाचण्यासाठी उघडली जाते. फाइल मॅनेजरमध्ये जाऊन 'अनमाउंट' करा, 'इजेक्ट' नको. इजेक्ट केलं की ट्रे बाहेर, आणि परत आत ढकलला की पुन्हा माउंट. तरीही बिझी असेल तर 'एफयूझर -व्ही' पुढे ड्राइव्हचं नाव द्या, कोणता प्रोग्राम धरून बसलाय ते कळेल. बहुधा व्हीएलसी किंवा मागे उघडं राहिलेलं दुसरं बर्निंग सॉफ्टवेअर निघतं.

५. डीव्हीडी ४.७ जीबीची, फोल्डर ४.५ जीबीचं. तरी 'जागा नाही' कसं?

मोजण्याची पद्धत वेगळी. डीव्हीडीच्या खोक्यावरचं जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट. 'डीयू -एच' कमांड किंवा के-थ्री-बी १०२४ च्या पटीत मोजतात. त्या हिशेबाने डीव्हीडीत ४.३८ जीबीच बसतं. तुमचं ४.५ चं फोल्डर खोक्याच्या हिशेबात ४.८३ होतं. दोन थरांच्या ८.५ जीबी डिस्कमध्ये असंच ७.९६ बसतं. सीडीचं मात्र उलट: तिच्यावरचे ७०० एमबी १०२४ च्या हिशेबातलेच आहेत.

आणखी एक खोच. डीव्हीडी-आरमध्ये ४,७०,७३,१९,८०८ बाइट बसतात, डीव्हीडी-प्लस-आरमध्ये ४,७०,०३,७२,९९२. सुमारे सत्तर लाख बाइट कमी. मायनससाठी (म्हणजे डीव्हीडी-आरसाठी) काठोकाठ बनवलेली आयएसओ प्लसवर बसत नाही, आणि माणूस बिचारा सॉफ्टवेअर बदलत बसतो.

६. उबुंटूची आयएसओ राइट केली, पण कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू होत नाही.

डिस्क उघडून पाहा. आत आयएसओ नावाची एकच फाइल दिसते का? मग तुम्ही ती साधी फाइल म्हणून कॉपी केली आहे. सॉफ्टवेअरमध्ये 'डेटा प्रोजेक्ट' न निवडता 'बर्न इमेज' निवडायचं.

आत बरीच फोल्डरं दिसत असतील तर राइट बरोबर झालंय. बूट ऑर्डर पाहा आणि चेकसम, म्हणजे फाइलीतल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, तपासा (प्रश्न ९). पेनड्राइव्हच्या सवयीने काहीजण डीडी या कॉपी करण्याच्या कमांडने सीडी-आरवर लिहायला जातात. ते होत नाही, कोरी सीडी-आर बर्निंग सॉफ्टवेअरशिवाय लिहून घेत नाही. उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप आयएसओ तर एकथरी डीव्हीडीत मावतच नाही. तिथे पेनड्राइव्हच घ्या.

७. अर्ध्यावर एरर येते आणि डिस्क वाया जाते. दोष कुणाचा: डिस्क, ड्राइव्ह की लिनक्स?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि सोबत नेहमी 'फेल्ड' लिहिलेल्या खिडकीचा फोटो. त्या फोटोतून काही कळत नाही. के-थ्री-बीमध्ये 'डीबगिंग आउटपुट'चं बटण असतं, ते दाबा. ग्रोआयसोएफएस वापरलं असेल तर त्यात रडक्या चेहऱ्याने सुरू होणारी ओळ शोधा, खरोखर अशी :-[ . पुढे एसके, एएससी, एसीक्यू असे तीन आकडे असतात. पहिला सगळ्यात महत्त्वाचा.

एसके २: ड्राइव्ह तयार नाही. डिस्क नीट बसलेली नाही किंवा ओळखलीच जात नाही.
एसके ३, म्हणजे मीडियम एरर: लिहिणं जमलं नाही. डिस्क किंवा लेसर.
एसके ४: हार्डवेअर. ड्राइव्हच्या शेवटाची सुरुवात.
एसके ५: मागणीच चुकीची. बंद झालेल्या डिस्कवर लिहू पाहताय (प्रश्न १३), किंवा या ड्राइव्हला या जातीची डिस्क चालत नाही.

'पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर' वेगळी ओळखावी. लिहिण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेला एका राखीव पट्ट्यात लेसर थोडा कमी-जास्त करून पाहतो आणि किती ताकद लागेल ते ठरवतो. हेच जमलं नाही की ही एरर येते. याचा सॉफ्टवेअरशी काडीचा संबंध नाही. डिस्कचा रंगथर निकृष्ट आहे, लेन्सवर धूळ आहे, नाहीतर लेसर थकला आहे.

तपासण्याचा क्रम असा ठेवा: आधी दुसऱ्या बनावटीची डिस्क, मग कमी वेग, मग दुसरा ड्राइव्ह, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. तीन सॉफ्टवेअरं टाकून होतात, डिस्क मात्र त्याच खोक्यातली. 'दुसऱ्या बनावटीची' म्हणजे खोक्यावरचं नाव वेगळं एवढंच नव्हे. दोन नावांची खोकी एकाच कारखान्यातली असू शकतात. 'डीव्हीडी-प्लस-आरडब्ल्यू-मीडियाइन्फो' ('प्लस'च्या जागी + हे चिन्ह, त्याच्या दोन्ही बाजूंना जोडरेघ न देता) ही कमांड कोऱ्या डिस्कवर चालवा, मीडिया आयडीच्या ओळीत खरा कारखाना दिसतो. कपाटात मोझर बेअरची कोरी चळत सापडली म्हणून खूश होणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. माल त्याच्या आधीचा आहे, तेव्हा आधी एक डिस्क चाचणीला घालवा.

'सीडी छान राइट होते, डीव्हीडी एकही नाही, म्हणजे ड्राइव्ह चांगला आहे ना?' नाही. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०. एक गेला तरी दुसरा चालू राहतो.

८. यूएसबीचा स्लिम रायटर वाचतो छान, राइट करताना मात्र मध्येच गायब होतो.

वीज पुरत नाही. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधलेला, यूएसबी ३ चा ९००. राइट करताना लेसरला वाचण्यापेक्षा जास्त ताकद लागते. दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल -के -एफ' चालू ठेवून राइट करा. त्याच क्षणी 'यूएसबी डिस्कनेक्ट' किंवा 'रीसेट' अशी ओळ आली तर हेच कारण. हब काढा, लॅपटॉपच्या पोर्टात थेट लावा, डेस्कटॉप असेल तर पुढच्या पॅनेलऐवजी मागच्या पोर्टात. ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावा. दुसरं तोंड 'जास्तीचं' म्हणून लोंबकळत ठेवू नका.

९. 'सक्सेसफुल' आलं, पण डिस्कचा चेकसम आयएसओशी जुळत नाही.

बहुतेक वेळा डिस्क चांगली असते, मोजण्यात चूक असते. वोडिम आणि मंडळी शेवटी काही रिकामे ब्लॉक जोडू शकतात. सीडी 'ट्रॅक अ‍ॅट वन्स' पद्धतीने लिहिली असेल तर ट्रॅकच्या शेवटी दोन न वाचता येणारे ब्लॉकही असतात. सगळा ड्राइव्ह वाचायला गेलात की चेकसम बदलतो, किंवा अगदी शेवटी 'इनपुट आउटपुट एरर' येते.

म्हणून आयएसओ जेवढी आहे तेवढंच वाचा. तिचा आकार बाइटमध्ये घ्या, २०४८ ने भागा. समजा ७३,५०,५१,७७६ बाइट आहेत, तर ३,५८,९१२ ब्लॉक. डीडीला बीएस २०४८ आणि काउंट ३,५८,९१२ (स्वल्पविराम न घालता) द्या, आउटपुट पाइप करून शा-२५६-समला द्या. त्याआधी ट्रे एकदा बाहेर काढून आत घाला, नाहीतर कर्नल कधी कधी जुन्याच माहितीवर चालतो. सीडी लिहिताना 'डिस्क अ‍ॅट वन्स' निवडली तर शेवटच्या दोन ब्लॉकची भानगडच राहत नाही.

१०. वेग किती ठेवावा? कमीत कमी वेग सगळ्यात चांगला ना?

नाही. १६ एक्सची डीव्हीडी ८ एक्सवर, ५२ एक्सची सीडी १६ किंवा २४ वर. आजच्या डिस्कचा रंगथर जास्त वेगासाठी बनवलेला असतो, आणि तुम्ही १ एक्स मागितला तरी बरेच ड्राइव्ह तो देतच नाहीत. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला १.३८५ एमबी, ८ एक्सवर भरलेली डिस्क सात-आठ मिनिटांत होते. तेवढा वेळ चहाला हवाच.

फाइली नेटवर्कवर किंवा मंद पेनड्राइव्हवर असतील तर आधी हार्ड डिस्कवर घ्या. २००० च्या आसपास ड्राइव्हमध्ये बर्न-प्रूफसारखी सोय आली, त्यामुळे डेटा उशिरा पोचला म्हणून हल्ली डिस्क वाया जात नाही, पण दर खेपेला थांबत-जुळवत लिहिलेली डिस्क जुन्या प्लेअरला आवडत नाही.

११. मराठी नावांच्या फाइली डिस्कवर गेल्या की नावं तुटतात किंवा चौकोन दिसतात.

आयएसओ ९६६० ला (डिस्कवर फाइली मांडण्याची मूळ पद्धत) मुळात इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि आकडेच ठाऊक. त्यावर दोन जोड आहेत: विंडोज वाचतं ते जोलिएट आणि लिनक्स वाचतं ते रॉक रिज. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही चालू ठेवा.

जोलिएटमध्ये नाव ६४ चिन्हांचं, आणि इथे आपली अडचण होते, कारण काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, प्रत्येक वेगळं चिन्ह. 'ज्ञानेश्वरी' डोळ्यांना चार अक्षरं, डिस्कला अकरा चिन्हं. रॉक रिजची मर्यादा २५५ बाइट, देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे ८५ चिन्हं. 'काकांच्या साठीशांतीच्या कार्यक्रमाचे फोटो भाग दुसरा' सारखी नावं जोलिएटला जवळजवळ काठावर पोचतात. आवरती घ्या. किंवा सगळं टार किंवा झिप करून एक छोट्या नावाची फाइल करा.

चौकोन दिसतात तेव्हा नाव बरोबर असतं, वाचणाऱ्याकडे फॉन्ट नसतो. गाडीच्या स्टिरिओसाठी नावं सरळ रोमनमध्येच ठेवा.

१२. एमपी-थ्री राइट केले, पण जुना प्लेअर 'नो डिस्क' म्हणतो. आणि लग्नाची एमपी-फोर टीव्हीखालच्या प्लेअरवर लागत नाही.

दोन्हीचं कारण एकच: तुम्ही डेटा डिस्क केली, प्लेअरला त्याच्या पद्धतीची हवी. के-थ्री-बीमध्ये 'ऑडिओ सीडी' प्रोजेक्ट घ्या. गाणी ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटमध्ये उलगडून लिहिली जातात, म्हणून एमबी विसरा आणि मिनिटं मोजा: ८०. दोन तासांचं कीर्तन एका सीडीत बसणार नाही. एमपी-थ्री घेतच नसेल तर के-थ्री-बीचं एक्स्ट्राकोडेक्स पॅकेज टाका. सलग रेकॉर्डिंगचे तुकडे केले असतील तर मधला दोन सेकंदांचा खंड शून्यावर आणा आणि डिस्क अ‍ॅट वन्स निवडा, नाहीतर अभंगाच्या ऐन रंगात शांतता पसरते. जुन्या प्लेअरला सीडी-आरच द्या. सीडी-आरडब्ल्यू प्रकाश फार कमी परावर्तित करते, त्याला ती दिसतच नाही.

व्हिडिओसाठी एमपीईजी-टू, आपल्याकडे पाल पद्धत, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. डीव्हीडीस्टायलर हे सगळं करून व्हिडिओ-टीएस नावाचं फोल्डर बनवून देतं. ते डेटा म्हणून न टाकता 'व्हिडिओ डीव्हीडी' प्रोजेक्टमधून राइट करा.

१३. राइट केलेल्या डिस्कवर उरलेल्या जागेत आणखी भरता येतं का? आणि आरडब्ल्यू पुसत का नाही?

पहिल्यांदा 'मल्टिसेशन' ठेवून डिस्क उघडी ठेवली असेल तर येतं. बंद केलेली आर जातीची डिस्क पुन्हा उघडत नाही. ग्रोआयसोएफएसमध्ये कॅपिटल झेड म्हणजे नव्याने सुरुवात, कॅपिटल एम म्हणजे आधीच्यात भर. प्लस-आरडब्ल्यूवर भर घालायला गेलात आणि चुकून झेड दाबलं तर जुनं गेलं, विचारतसुद्धा नाही. डॉक्टर, वकील, कार्यालय यांना द्यायची डिस्क मात्र नेहमी बंद करूनच द्या; काही जुने प्लेअर फक्त पहिलं सेशन वाचतात.

प्लस-आरडब्ल्यू पुसावी लागतच नाही, तिच्यावर थेट नवं लिहायचं. सीडी-आरडब्ल्यूला 'फास्ट' पुसून भागलं नाही तर 'ऑल'ने पुसा, वेळ लागेल. तीही ऐकत नसेल तर खोक्यावर 'अल्ट्रा स्पीड' आहे का पाहा. जुन्या रायटरला ती जात लिहिता येत नाही.

१४. एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी आहे.

साध्या आयएसओ ९६६० मध्ये ती बसत नाही. लेव्हल ३ निवडली तर तिचे तुकडे जोडून ठेवता येतात, किंवा यूडीएफ ही मांडणीची दुसरी पद्धत घ्या. झोरिसोला यूडीएफ बनवता येत नाही. त्यासाठी के-थ्री-बी घ्या. डिस्क कुठे उघडली जाणार हेच माहीत नसेल तर स्प्लिट कमांडने दोन-दोन जीबीचे तुकडे केलेले बरे.

१५. ब्लू-रे ९९ टक्क्यांवर गेली आणि शेवटी एरर आली. पंचवीस जीबी पाण्यात?

थांबा, टाकू नका. ग्रोआयसोएफएस बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे) लिहून झाल्यावर ती बंद करताना चुकीची आज्ञा देतं आणि ड्राइव्ह तक्रार करतो, 'क्लोज सेशन फेल्ड'. डेटा तोवर पूर्ण उतरलेला असतो. प्रश्न ९ मधल्या पद्धतीने चेकसम घ्या. जुळला तर डिस्क वापरा. तेच साधन बीडी-आरवर आपणहून राखीव जागा सोडून दोष तपासत लिहितं, म्हणून वेग निम्म्यावर आलेला दिसतो. पुढची डिस्क एक्सफबर्न, झोरिसो किंवा सीडीस्किनने लिहा. एरर ९९ ऐवजी ४० टक्क्यांवर आली असेल तर मात्र ही सबब चालणार नाही. प्रश्न ७ कडे वळा.